पिचरच्या कोपरावर लावलेला डाव

२००७ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एक अदलाबदल झाली. सिनसिनाटी रेड्सनी जॉश हॅमिल्टन हा आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागात क्षेत्ररक्षण करणारा खेळाडू) टेक्सस रेंजर्सना दिला. त्याच्या बदल्यात त्यांना मुख्यतः एडिन्सन वोल्केझ हा चोवीस वर्षांचा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू, मिळाला. हॅमिल्टनच्या उमेदीची काही वर्षं व्यसनाने खाल्ली होती, पण परतल्यावर त्याच वर्षी त्याने ९० सामन्यांत १९ होम रन (थेट कुंपणापार टोलावलेले फटके) मारले होते. वोल्केझच्या खात्यावर मेजर लीगमधल्या जेमतेम ८० इनिंग (तीन फलंदाज बाद होईपर्यंतचा डाव म्हणजे एक इनिंग) होत्या, त्याही फारशा बऱ्या नव्हत्या.

पहिल्या वर्षी दोघांनीही कमाल केली. वोल्केझने १७ सामने जिंकून दिले आणि २०६ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडू मैदानात मारू न देताच बाद केलं. हॅमिल्टनच्या बॅटमुळे १३० धावा आल्या. मग ऑगस्ट २००९ मध्ये वोल्केझच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी हॅमिल्टनने .३५९ च्या सरासरीने (दर हजार संधींत ३५९ यशस्वी फटके) फलंदाजी केली, तो मेजर लीगच्या दोन विभागांपैकी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि रेंजर्स पहिल्यांदाच वर्ल्ड सीरिजपर्यंत, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम लढतीपर्यंत, पोहोचले.

गुणी आउटफिल्डर देऊन अजून सिद्ध न झालेले पिचर घ्यावेत का, हा वाद दर हिवाळ्यात नव्याने पेटतो. मला त्याची सुरुवात कोपरापासून करावीशी वाटते.

बेसबॉलचा चेंडू साधारण १४५ ग्रॅमचा असतो. तो ताशी १५० किलोमीटरने सोडताना पिचरचा दंड खांद्यात ज्या वेगाने फिरतो, तो सेकंदाला सुमारे ७००० अंश असतो. माणसाच्या शरीराच्या मोजलेल्या हालचालींमध्ये याहून वेगवान हालचाल क्वचितच सापडेल. हात मागे पूर्ण वळून पुढे यायला लागतो त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूवर पडणारा पीळ संशोधक ग्लेन फ्लाइसिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मोजला. तो भरला सुमारे ६४ न्यूटन-मीटर. म्हणजे कोपर घट्ट धरून ठेवावं आणि तळहाताला वीस-बावीस किलोचं वजन आडवं टांगावं, इतका. हा पीळ पेलायला तिथे एक छोटासा अस्थिबंध (दोन हाडं जोडणारा पट्टा) असतो. मृतदेहांवरच्या प्रयोगांत तो साधारण निम्म्या पिळालाच तुटला होता.

मग जिवंत पिचरचा तो पहिल्याच चेंडूला का तुटत नाही? कारण पुढच्या हाताचे स्नायू भाराचा मोठा वाटा उचलतात. स्नायू थकले की तो वाटा अस्थिबंधाकडे सरकतो. पिचर एका सामन्यात शंभराच्या आसपास चेंडू फेकतो आणि वर्षभरात असे तीसेक सामने खेळतो. अस्थिबंधाची झीज एका दिवसात होत नाही, ती साठत जाते, आणि ती किती झाली हे बाहेरून दिसत नाही. सौद्याच्या दिवशी वैद्यकीय तपासणी स्वच्छ आली म्हणून दोन वर्षांनी ते कोपर शाबूत असेलच, असं कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही.

हा अस्थिबंध नव्याने बसवण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी सप्टेंबर १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर केली आणि तिला त्याचंच नाव मिळालं. त्यासाठी मनगटाजवळची एक कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून घेतात. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित आत वळवा, मधोमध जी दोरी वर येते ती हीच. काही लोकांत ती जन्मतःच नसते आणि त्यांचं काही अडतही नाही. टॉमी जॉन परतला आणि त्यानंतर त्याने आणखी १६४ सामने जिंकले. पण परत यायला वर्षभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, आणि सगळेच पूर्वीच्या तोडीचे होऊन येत नाहीत.

कोपर टिकलं तरी दुसरी अडचण उरते, ती आकड्यांची. ८० इनिंगमध्ये पिचरचे साधारण २५० चेंडू बॅटला लागून मैदानात जातात. त्यांतले सरासरी ३० टक्के हिट ठरतात, म्हणजे त्यांवर फलंदाज सुखरूप बेसवर (धावेच्या वाटेतल्या थांब्यावर) पोहोचतो. हे प्रमाण पिचरच्या हातात फार कमी असतं, असं बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक व्होरोस मॅक्रॅकन यांनी २००१ मध्ये मांडलं तेव्हा खळबळ माजली होती. नाणेफेकीचं गणित इथे लावलं, तर निव्वळ योगायोगाने सात-आठ हिट इकडचे तिकडे होऊ शकतात. तेवढ्यात चांगला पिचर सुमार दिसतो आणि सुमार पिचर चांगला. म्हणून नव्या पिचरने किती धावा दिल्या यापेक्षा त्याने किती फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं आणि चार चुकीचे चेंडू टाकून किती जणांना चालत पहिल्या बेसवर जाऊ दिलं, हे बघावं. ते आकडे लवकर स्थिरावतात.

पिचर घेण्याविरुद्ध एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: तो पाच दिवसांतून एकदा खेळतो, आउटफिल्डर रोज. हा मला पटत नाही. वर्षाला १८० इनिंग टाकणारा पिचर सातशेहून अधिक फलंदाजांना सामोरा जातो. रोज खेळणारा आउटफिल्डर साधारण साडेसहाशे वेळा फलंदाजीला येतो. सामन्यांवरची पकड जवळपास सारखीच. फरक पडतो तो खात्रीत.

मग शहाणे संघ असा सौदा करतातच का? उत्तर कराराच्या नियमांत आहे. नव्या खेळाडूवर संघाचा हक्क मेजर लीगमधल्या सहा वर्षांच्या सेवेपर्यंत राहतो आणि सुरुवातीची वर्षं तो अगदी स्वस्तात खेळतो. डिसेंबर २०१७ मध्ये मायामी मार्लिन्सनी मार्सेल ओझुना सेंट लुईस कार्डिनल्सना दिला. ओझुनाने त्या वर्षी ३७ होम रन मारले होते, पण त्याच्यावरचा हक्क दोनच वर्षांचा उरला होता. बदल्यात चार तरुण आले, त्यांतले तीन पिचर: सँडी अल्कांतारा, झॅक गॅलन आणि डॅनियल कस्तानो. प्रत्येकाच्या यशाची शक्यता समजा चारात एक धरली, तर तिघांतला एकही न चमकण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के येते. एकच पिचर घेतला असता तर ती ७५ टक्के असती. रेड्सची चूक मला इथे दिसते. वोल्केझ निवडण्यात ते चुकले नाहीत, पण जवळजवळ सगळा भार त्यांनी एकाच कोपरावर टाकला.

मार्लिन्सचे दोन पिचर चमकले. अल्कांताराने २०२२ मध्ये २२८ हून अधिक इनिंग टाकल्या आणि एकमताने साय यंग पुरस्कार, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा मान, मिळवला. गॅलनही अव्वल दर्जाचा निघाला, पण तोवर मार्लिन्सनी त्याला ॲरिझोनाकडे पाठवलं होतं. आणि अल्कांतारा? २०२३ मध्ये त्याच्याही कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ चा अख्खा हंगाम गेला. इतका मोठा पिचर हाती असूनही त्या वर्षांत मार्लिन्सची फलंदाजी दुबळीच राहिली. बाकीचा संघ उभा नसताना पिचर पिकला तर त्याचा बहर असाच निघून जातो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

टॅम्पा बे रेज या गरीब संघाने पिचरचा बहर टिकत नाही हे आधीच ओळखलं होतं, असं त्यांचे सौदे बघून वाटतं. हॅमिल्टनच्याच हिवाळ्यात त्यांनी बावीस वर्षांचा आउटफिल्डर डेल्मन यंग मिनेसोटाला दिला आणि मॅट गार्झा हा पिचर व जेसन बार्टलेट हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) घेतला. आदल्या वर्षी ९६ सामने हरलेला संघ २००८ मध्ये ९७ जिंकला आणि अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत गार्झा सर्वोत्तम ठरला. पण त्यांनी गार्झाला कायमचा धरून ठेवला नाही. जानेवारी २०११ मध्ये तो शिकागो कब्जला गेला आणि बदल्यात आलेल्यांत ख्रिस आर्चर हा आणखी एक न पारखलेला पिचर होता. आर्चर पिकल्यावर २०१८ मध्ये त्यालाही पिट्सबर्गला दिलं, आणि हाती आले टायलर ग्लासनाउ व शेन बाझ हे दोन पिचर आणि ऑस्टिन मेडोज नावाचा एक गुणी आउटफिल्डर.