लासलगावचा कांदा आणि ढाक्यातील एक मैदान

ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशात सत्तांतर झाले आणि सीमेवरचा व्यापार काही दिवस ठप्प झाला, तेव्हा लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथे पहिली चिंता भावाची होती. बांगलादेश हा तेव्हा भारतीय कांद्याचा मोठा ग्राहक होता. चाळीतला उन्हाळ कांदा पश्चिम बंगालमधील घोजाडांगासारख्या सीमा नाक्यावरून पलीकडे जात असे. ढाक्यात काय घडले, हे नाशिककराने समजून घेण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

निमित्त सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणाचे होते. १९७२ मध्ये मुक्तियोद्ध्यांसाठी, म्हणजे १९७१ च्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्यांसाठी, ३० टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या, पुढे ती सवलत त्यांच्या मुलांना आणि नातवंडांनाही मिळाली. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर २०१८ मध्ये ती रद्द झाली, परंतु जून २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालाने परत आली. लाभ मुक्तियोद्ध्यांच्या नातवंडांना द्यायचा नाही, तर रझाकारांच्या नातवंडांना द्यायचा का, असा सवाल तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी १४ जुलै रोजी केला आणि त्याच रात्री ढाका विद्यापीठात तोच शब्द घोषणा होऊन घुमला.

हा शब्द आपल्याला परका नाही. येवल्याच्या पुढे वैजापूर तालुका लागतो, तो निजामाच्या मुलखात होता आणि तेथील जुन्या पिढीने निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांची दहशत भोगलेली आहे. बांगलादेशात मात्र रझाकार म्हणजे १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराला साथ देणारा.

तेव्हा बांगलादेश हा पाकिस्तानचा पूर्व भाग होता. १९७१ समजण्यासाठी ढाक्यातील रमणा रेसकोर्सचे मैदान डोळ्यांसमोर आणावे. मार्च १९४८ मध्ये जिना यांनी याच मैदानावर उर्दू हीच पाकिस्तानची राजभाषा राहील असे बजावले, आणि २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बंगालीसाठी निघालेल्या विद्यार्थ्यांवर ढाक्यात गोळीबार झाला. १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगला स्पष्ट बहुमत मिळूनही सत्ता दिली गेली नाही, तेव्हा ७ मार्च १९७१ रोजी त्या पक्षाचे नेते आणि हसीना यांचे वडील शेख मुजीबुर रहमान यांनी याच मैदानावरून स्वातंत्र्याच्या लढ्याची हाक दिली. १६ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्याची शरणागतीही येथेच झाली. ज्या स्मृतीवर देश उभा राहिला, तीच एका पक्षाची, हसीना यांच्या अवामी लीगची, मिरास वाटू लागल्याने तरुण पिढी बिथरली, असे मला वाटते. २१ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुक्तियोद्ध्यांचा कोटा ५ टक्क्यांवर आणला, पण तोवर अनेक विद्यार्थ्यांचे बळी गेले होते; ५ ऑगस्टला हसीना यांनी देश सोडला.

या इतिहासात आपल्या कांद्याचेही एक पान आहे. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ मध्ये भारताने निर्यात अचानक बंद केली. येथे भाव कोसळले, शेतकरी रस्त्यावर आला. तिकडे ढाक्याच्या बाजारात कांदा कडाडला आणि स्वतःचे उत्पादन वाढवण्याची निकड तेथील सरकारला भासू लागली.