नारू गेला कसा, आणि हापशाचं पाणी

मराठवाड्यात साठी ओलांडलेल्या माणसाला नारू म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. घोट्याजवळ किंवा पोटरीवर फोड यायचा, अंगार ठेवल्यासारखी आग व्हायची, फोड फुटला की आतून पांढरा दोरा डोकवायचा; हा दोरा म्हणजेच नारूचा कृमी. तो काडीला गुंडाळायचा आणि रोज थोडा थोडा ओढायचा. कुणी घाई केली आणि दोरा मध्येच तुटला, की पाय सुजायचा, जखम चिघळायची, आणि कर्ता माणूस ऐन पेरणीच्या तोंडावर बाजेवर पडायचा. आज तिशीत असलेल्या डॉक्टरांनी असा रुग्ण फक्त पुस्तकात पाहिलाय. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

गंमत अशी, की नारूवर औषध तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. लसही नाही. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही, असंही नाही. तरीही तो गेला.

तो कसा गेला हे कळायला तो येतो कसा ते पाहावं लागतं. रशियन निसर्गअभ्यासक अलेक्सेई फेडचेन्को यांनी 1870 च्या सुमारास मध्य आशियात काम करताना याचा धागा शोधला. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा जेमतेम डोळ्यांना दिसेल असा जीव असतो. नारूच्या अळ्या त्याच्या पोटात वाढतात. असं पाणी माणसाने प्यायलं की जठरातल्या आम्लाने सायक्लॉप्स मरतो, अळ्या मात्र जिवंत राहतात आणि आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात. नर-मादीचा संयोग झाल्यावर नर मरून जातो. मादी वर्षभर कातडीखाली वाढत राहते, कधी कधी मीटरभर लांब होते, आणि बहुतेक वेळा पायातूनच बाहेर पडते. आग शमवायला माणूस पाय पाण्यात घालतो, आणि मादीला हवं असतं तेच होतं: त्या क्षणी ती हजारो अळ्या पाण्यात सोडते. दुखणं एक साल आधीच्या पाण्याचं असल्यामुळे पाण्याशी त्याचा संबंध आहे, हे रुग्णाच्या ध्यानात येणं अवघडच. मग कुणी उष्णतेला बोल लावायचं, कुणी रक्ताला, कुणी देवाला.

ही साखळी चालू राहायला विहिरीला पायऱ्या लागतात. आडातून पोहऱ्याने शेंदलेल्या पाण्यात कुणाचा पाय पडत नाही. बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, मात्र घागर भरायला खाली उतरावंच लागतं, आणि उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की घोटाभर पाण्यात उभं राहून भरावं लागतं. पाणी आटलेलं, सायक्लॉप्स दाट झालेले आणि नारूचा फोड आलेला पाय नेमका त्याच पाण्यात! परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव पाहून आज लोक थक्क होतात, आणि व्हावंच, इतकी ती देखणी आहे. बारवा उपसून जिवंत करण्याच्या मोहिमाही चांगल्याच. पण जुन्या आरोग्य कर्मचाऱ्याला पायऱ्यांची विहीर म्हटलं की आधी नारूच आठवायचा, हेही खरं.

बहात्तरच्या दुष्काळाने चित्र बदललं. विहिरी कोरड्या पडल्या, आणि काळ्या पाषाणात खोल बोअर घेणारी यंत्रं गावोगावी फिरू लागली. बोअर घेतला तरी त्यावरचा ओतीव लोखंडाचा पंप टिकत नव्हता. तो घरगुती वापराचा, आणि इथे अख्खं गाव दिवसभर हापसणार. यावरच्या उत्तरात मराठवाड्याचा वाटा आहे. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनच्या पाणीकामातून जास्त दणकट असा 'जालना पंप' निघाला, त्याच वाटेवर पुढे सोलापूरचा पंप आला, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यावरूनच युनिसेफच्या पुढाकाराने 'इंडिया मार्क 2' तयार झाला. आपल्या गावातला हापसा बहुधा तोच.

राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम 1983-84 मध्ये सुरू झाला. नारूग्रस्त सात राज्यांत महाराष्ट्रही होता, आणि देशभरातले रुग्ण होते सुमारे 40 हजार. कार्यक्रमाची कामं साधीच होती. वर्षातून तीनदा घरोघर रुग्ण शोधायचे, जखम बांधून रुग्णाला पाण्यापासून दूर ठेवायचं, पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम टेमेफॉस हे कीटकनाशक टाकून सायक्लॉप्स मारायचे, पिण्याचं पाणी बारीक जाळीच्या कापडातून गाळायला लावायचं, आणि पायऱ्यांच्या विहिरींना कठडा बांधून त्यांचे आड करायचे. यात सगळ्यात चिवट काम शोधाचं. एक रुग्ण नजरेतून सुटला आणि पाण्यात उतरला, की पुढच्या वर्षीची बेगमी झालीच. 1986 मध्ये जगात अंदाजे 35 लाख लोकांना नारू व्हायचा. 2023 मध्ये सगळ्या जगात मिळून 14 रुग्ण सापडले. आता डोकेदुखी आहे ती चाडसारख्या देशातल्या कुत्र्यांची, कारण त्यांनाही हा कृमी होतो.

बोअरच्या पाण्यात सायक्लॉप्स नसतो, पण काही ठिकाणी फ्लोराइड असतं. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट भागात बेसाल्टबरोबर, म्हणजे काळ्या पाषाणाबरोबर, ग्रॅनाइटचा खडक आहे. त्यातल्या खनिजांमधून फ्लोराइड भूजलात झिरपतं, आणि पाणी जितका काळ खडकात मुरतं तितकं वाढतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी लहानपणी पोटात गेलं की पक्के दात हिरडीतून येतानाच खडूसारखे पांढरट किंवा पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचे येतात. पट्टे घासून जात नाहीत. आईबाप पोराला नीट दात घासत नाही म्हणून उगाच रागावतात. आणखी जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर मान आणि पाठ ताठरतात, सांधे धरतात, आणि तो त्रास वयाचा किंवा वाताचा म्हणून खपून जातो.

नारूला जे उपाय लागू पडले ते इथे कुचकामी. फ्लोराइड फडक्यात अडकत नाही. पाणी उकळलं तर वाफ उडते आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने फिटकरी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत तयार केली; ती चालते, पण रोज मोजूनमापून करणारं माणूस लागतं, आणि तिथेच घोडं अडतं. म्हणून पाणी तपासून ज्या हापशाला फ्लोराइड जास्त निघेल त्याचं पाणी धुण्याभांड्यालाच ठेवायचं आणि प्यायला तलावाचं, नदीचं किंवा पावसाचं शुद्ध केलेलं पाणी द्यायचं, हाच त्यातल्या त्यात टिकणारा मार्ग आहे. आठ वर्षांखालची मुलं असलेल्या घरांना ते सगळ्यात आधी मिळायला हवं, कारण पक्के दात घडतात ते त्याच वयात.