क्वांटम इंटरनेटचे प्रोटोकॉल

दूरच्या दोन नोडांमध्ये (जाळ्यातल्या केंद्रांमध्ये) गुंतलेल्या, म्हणजे मापनाचे निकाल एकमेकांशी निगडित असलेल्या, क्यूबिटांची (क्वांटम माहितीच्या एककांची) जोडी तयार करणे, ती टिकवणे आणि मागणाऱ्याच्या हवाली करणे यांसाठीचे नियम. नेहमीच्या इंटरनेटवर हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवतात, कारण पाठवणाऱ्याकडे प्रत असते. अज्ञात क्वांटम अवस्थेची प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झाले. म्हणून मोलाचा क्यूबिट फायबरमध्ये सोडून नशिबावर ठेवत नाहीत. आधी कोरी, म्हणजे कुठलाही संदेश नसलेली, गुंतलेली जोडी पोहोचवतात. ती वाया गेली तर दुसरी बनवता येते. मग टेलिपोर्टेशन (१९९३): पाठवणारा आपला क्यूबिट आणि जोडीतला आपल्याकडचा क्यूबिट यांचे एकत्र बेल मापन (दोन क्यूबिटांमधले नाते तपासणारे मापन) करतो, निघालेले दोन साधे बिट कळवतो आणि घेणारा त्यांनुसार आपला क्यूबिट दुरुस्त करतो. हे बिट येईपर्यंत घेणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

खरी अडचण अंतराची. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाची फायबरमधली घट किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबेल असते. १०० किलोमीटरवर शंभरातला एक फोटॉन पोहोचतो. १,००० किलोमीटरवर १०²⁰ मध्ये एक. प्रवर्धकही (संकेत वाढवणारे उपकरण) चालत नाही, तिथेही प्रतीचीच आडकाठी. यावर १९९८ मध्ये क्वांटम रिपीटरची कल्पना मांडली गेली: लहान टप्प्यांवर जोड्या बनवायच्या आणि मधल्या नोडवर बेल मापन करून त्या सांधायच्या.

एका टप्प्यावर दोन्ही नोड एकेक फोटॉन मध्यबिंदूकडे सोडतात. तिथल्या डिटेक्टरांनी ठरावीक खूण दिली तरच जोडी जमली. टप्पा १०० किलोमीटरचा असेल तर फोटॉन जाऊन निकाल परत येण्यास अर्धा मिलिसेकंद लागतो, म्हणजे नोडच्या क्वांटम स्मृतीत साठवलेल्या एका क्यूबिटमागे सेकंदाला फार तर २,००० प्रयत्न. प्रत्येक प्रयत्नाला क्रमांक देणे अटळ आहे. दोन्ही टोकांचे क्रमांक एकाने जरी सरकले, तरी वेगवेगळ्या जोड्यांचे क्यूबिट एकत्र वापरले जातात आणि उत्तरे निव्वळ यादृच्छिक येतात. कुठेही त्रुटीची सूचना मिळत नाही, म्हणून हा दोष शोधणे फार त्रासाचे.

सांधताना जोडीचा दर्जा, म्हणजे फिडेलिटी (१ म्हणजे निर्दोष जोडी), घसरतो. यादृच्छिक गोंगाट असलेल्या ०.९ च्या दोन जोड्या अचूक मापनानेही सांधल्या तर सुमारे ०.८१ उरते, अशा चार टप्प्यांनंतर ०.६७. उपाय शुद्धीकरणाचा: ०.८१ च्या दोन जोड्यांपैकी एक खर्ची घालून दुसरी सुमारे ०.८५ वर आणता येते, पण साधारण पाचात एकदा दोन्ही जातात. ०.५ किंवा त्याखाली ही पद्धत लागू पडत नाही. शुद्धीकरणाचा निकालही साध्या संदेशानेच कळवावा लागतो आणि तो येईपर्यंत स्मृतीतली जोडी विरत राहते. म्हणून प्रोटोकॉलमध्ये कालमर्यादा ठेवतात: जुनी जोडी सांधण्यापेक्षा टाकून देणे परवडते.

क्यूबिटला पॅकेटसारखा शीर्षभाग (पत्ता वगैरे तपशील) जोडून वाटेत वाचता येत नाही. मार्ग, जोडीची ओळख, अपेक्षित फिडेलिटी हे सारे समांतर साध्या जाळ्यावरून जाते. आरएफसी या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजांच्या मालेतल्या २०२३ च्या आरएफसी ९३४० मध्ये या रचनेची तत्त्वे मांडली आहेत. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तीन नोडांच्या जाळ्यात एकमेकांशी थेट न जोडलेल्या दोन नोडांमधले टेलिपोर्टेशन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.