मधोमध कापलेली जुनी नोट टाकाऊ नसते

ब्रिटिश हिंदुस्थानची एकाच बाजूला छापलेली नोट मधोमध कापून जोडलेली दिसली, की ‘फाटकी, बिनकामाची’ असा शेरा मारला जातो. तो चुकीचा आहे. टपालात चोरी होऊ नये म्हणून नोटेचे दोन तुकडे करत. आधी एक अर्धा जाई, तो पोहोचल्याची खबर आली की दुसरा.

मात्र दोन्ही अर्ध्यांवरचा क्रमांक जुळलाच पाहिजे. मग नोट उजेडासमोर धरा, जलचिन्हाच्या (कागदातच उमटवलेल्या, उजेडात दिसणाऱ्या खुणेच्या) रेषा सांध्यावर नीट जुळतात की तुटक दिसतात ते बघा. क्रमांक वेगळे असतील, तर दोन नोटांची जुळवाजुळव समजा. जुनी खळ कृपा करून सोडवू नका, चिकटपट्टी तर नकोच: तिच्या गोंदाने कागद पिवळा पडतो.