मिरर आहे, तरी सर्व्हर उठत का नाही?

पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार. नारायण पेठेतल्या एका छापखान्याचा, मी सांभाळत असलेला लिनक्स सर्व्हर अशाच एका गुरुवारी सकाळी रीतसर बंद केला आणि संध्याकाळी वीज आल्यावर तो उठलाच नाही. काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ. आत दोन डिस्क, रेड १ म्हणजेच मिरर: एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर. मालकांनी विचारलं, "अहो, दोन-दोन डिस्क याचसाठी घेतल्या होत्या ना?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर १९८३ पासून सुरू होतं. आयबीएमच्या पीसी एक्सटीत हार्ड डिस्क आली आणि तिच्या पहिल्या सेक्टरची, म्हणजे पहिल्या कप्प्याची, मांडणी ठरली: एकूण ५१२ बाइट, त्यातले ४४६ बूट कोडला (यंत्र सुरू करणाऱ्या सूचनांना), ६४ पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, तक्त्याला, उरलेले २ खुणेचे. यंत्र चालू होताच पहिल्यांदा जागं होणारं बायॉस एक डिस्क निवडतं, हा सेक्टर वाचतं आणि कारभार त्याच्या हाती देतं. जुळी डिस्क वगैरे प्रकार त्याच्या गावीही नसतो.

मिररिंगचं घराणं वेगळं. टँडेम या कंपनीची कधीही बंद न पडणारी यंत्रं १९७० च्या दशकातच डिस्कच्या जोड्या वापरत होती. १९८८ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 'रेड' हे नाव रूढ करणारा निबंध मांडला. त्यात मिररिंग ही पहिली पातळी होती. जुनी, साधी आणि निम्मी जागा खाणारी म्हणून महाग. त्या सगळ्या विचाराच्या केंद्रस्थानी डेटा होता. यंत्र सुरू कसं होतं, हा त्या मंडळींचा विषयच नव्हता.

लिनक्समध्ये ही दोन घराणी एकत्र आली, पण सोयरीक अर्धवटच झाली. लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, डिस्का एकत्र जोडणारा एमडी ड्रायव्हर १९९६ च्या २.० या आवृत्तीत आला. रेडचा नव्याने लिहिलेला कोड बराच काळ पॅच, म्हणजे वेगळं जोडायचं ठिगळ, म्हणून फिरत होता, तो २००१ च्या २.४ मध्ये मुख्य कर्नलात शिरला. त्याच वर्षी नील ब्राउन यांनी आज सगळे वापरतात ती एमडीएडीएम ही आज्ञावली लिहायला घेतली. पण बहुतेक ठिकाणी एमडीचा मिरर पार्टिशनचा बांधला जातो. पहिला सेक्टर पार्टिशनच्या बाहेर, म्हणजे मिररच्याही बाहेर! इन्स्टॉलरने ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर, फक्त पहिल्या डिस्कवर टाकला असेल आणि तीच मेली, तर दुसरीवर डेटा सगळा असतो, पण तो उघडणारं कुणी नसतं. छापखान्यात नेमकं हेच झालं होतं.

जुन्या ग्रबला रेड कळतही नव्हतं. तो मिररचा एक तुकडा साधी फाइल सिस्टिम (फाइलींची नेहमीची मांडणी) समजून वाचायचा. हे खपून जायचं, कारण मिररची माहिती ठेवणारी एमडीची ०.९० जातीची नोंद पार्टिशनच्या शेवटी असायची. २०१० च्या सुमारास एमडीएडीएम वेगळं काही न सांगितल्यास १.२ ही जात वापरू लागलं. तिची नोंद सुरुवातीपासून ४ केबीवर. झालं, जुना ग्रब आंधळा! ग्रब २ रेड वाचायला शिकला तेव्हा हा तिढा सुटला, पण पहिल्या सेक्टरचा नाही. बायॉसच्या जागी यूईएफआय आल्यावर सेक्टरची जागा फॅट मांडणीच्या छोट्या पार्टिशनने घेतली. तेही सहसा एकाच डिस्कवर, त्यामुळे दुखणं तेच राहिलं.

त्या संध्याकाळी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (डिस्कशिवाय चालणारं) चालू केलं. एक डिस्क कमी असली तरी चालव, असं बजावून अ‍ॅरे, म्हणजे डिस्कची जोडी, जुळवला. अ‍ॅरेची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये दोन 'यू' (चालू डिस्कची खूण) असायला हवे होते, तिथे एक खालची रेघ आणि एकच 'यू'. रूट, म्हणजे मुख्य फाइल सिस्टिम, माउंट केलं (जोडून घेतलं), डेव्ह, प्रॉक आणि सिस हे कर्नलचे फोल्डर त्यात बाइंड केले, सीएचरूट या आज्ञेने आत शिरून जिवंत डिस्कवर ग्रब-इन्स्टॉल चालवलं. दहा मिनिटांचं काम.

शिरल्यासारखं रूट या प्रशासक खात्याची टपालपेटीही उघडली. अ‍ॅरे लंगडा झाल्याची एमडीएडीएमची पत्रं तिथे चार महिन्यांपासून पडून होती. डिस्क त्या गुरुवारी गेलीच नव्हती. विजेपायी सर्व्हर त्यानंतर पहिल्यांदा बंद केला, तेव्हा आम्हाला कळलं इतकंच. ती पत्रं कुणाच्या मोबाइलवर जातील अशी सोय न करणं ही माझी चूक, डिस्कची नव्हे.

रीस्टार्ट केल्यावर तो आणखी दीड मिनिट अडून बसला. स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा, मेलेल्या डिस्कवर होता, मिररबाहेर, आणि सगळ्या सेवा सुरू करणारा सिस्टिमडी त्याची वाट पाहत होता. सुरू होताना काय काय जोडायचं याची यादी असलेल्या एफएसटॅबमधली ती ओळ काढली.

नवी डिस्क आली, पार्टिशनचा तक्ता एसएफडिस्क या आज्ञेने तिच्यावर उतरवला, तुकडे अ‍ॅरेत जोडले, आणि रिबिल्ड, म्हणजे डेटाची नक्कल, संपल्यावर तिच्यावरही ग्रब टाकला. पुढच्या गुरुवारी वीज आल्यावर जुन्या डिस्कची केबल काढून सर्व्हर एकट्या नवीवर चालू केला. मेनू आला, लॉगिन आलं. मग बंद करून केबल परत लावली, तर कर्नलने जुनीला शिळी ठरवून बाहेरच ठेवलं. तिला हाताने परत जोडून घरी जायला रात्रीचे दहा वाजले.