सुगम्यता वेगळी, वाजवी सोय वेगळी

एचआरमध्ये जाऊ पाहणाऱ्या एमबीए, एमएसडब्ल्यूच्या मुलांना दिव्यांगांच्या समावेशनाचं प्रशिक्षण दिलं की शेवटच्या सादरीकरणात एक ठरलेली स्लाइड येतेच: वर 'वाजवी सोयी' असा मथळा आणि खाली रॅम्पचा फोटो. रॅम्प ही सुगम्यता, म्हणजे जागा सगळ्यांना वापरता येईल अशी करणं. वाजवी सोय, म्हणजे एका माणसाच्या अडचणीपुरता केलेला बदल, निराळीच, आणि हीच मुलं नोकरीला लागली की या घोटाळ्यापायी कुणाचातरी साधा अर्ज अडकून पडतो. तिचं इंग्रजी नाव 'रिझनेबल अकॉमोडेशन' ऐकून राहायच्या खोलीचा विचार करणारेही असतात, पण ते एका वाक्यात सुधारतात.

सुगम्यता सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. उतार १:१२, म्हणजे १५० मिलिमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर रॅम्प. पणजीत जुन्या घरांत थाटलेल्या ऑफिसांची जोती उंच. ४५० मिलिमीटरला ५.४ मीटर हवेत, तेवढी जागा नसते, मग कुणीतरी घसरगुंडी बांधून मोकळा होतो. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरलं की धडधाकट माणूसही आपटतो. हातात मेजपट्टी दिली की मुलं हे अर्ध्या तासात शिकतात. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत सुरू झालेल्या पर्पल फेस्टला, म्हणजे दिव्यांगांच्या महोत्सवाला, त्यांना जरूर न्या, पण तिथले रॅम्प आणि मंचावरचे सांकेतिक भाषेचे दुभाषी हीसुद्धा सुगम्यताच, एवढं सांगून न्या.

आता खरी गोम. सुगम्यता आधी करून ठेवायची, कोण येणार हे माहीत नसताना, सगळ्यांसाठी. वाजवी सोय एका माणसासाठी, त्याच्या नेमक्या अडचणीवर, त्याच्याशी बोलून. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्याच्या निकालात हाच फरक मांडला. एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या व्याख्येनुसार वाजवी सोय नाकारणं हा भेदभावच.

मुलांना एकच प्रश्न पाठ करायला लावा: हा माणूस उद्या नोकरी सोडून गेला, तर ही गोष्ट इथे राहील का? वेर्ण्याच्या एखाद्या कारखान्यात आगीच्या भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा बसवला, तर तो राहील, ती सुगम्यता. ऐकू न येणाऱ्या कामगाराला सुपरवायझर शिफ्टच्या सूचना फोनवर लिहून पाठवतो, ती वाजवी सोय. संध्याकाळी नजर अंधूक होणाऱ्याला स्कूटर चालवता येत नाही आणि उशिरा बस विरळ, म्हणून त्याची वेळ नऊ ते सहाऐवजी आठ ते पाच केली, हीदेखील वाजवी सोय. खर्च शून्य.

हॉटेलच्या रिसेप्शनचं उदाहरण सरावाला उत्तम. तिथे आठ तास उभं राहायचा रिवाज, आणि एका पायात ताकद कमी असलेली मुलगी उंच स्टूल मागते. मॅनेजर म्हणतो, "बाकीच्या उभ्या राहतात ना? मग हिलाच का?" तिघांचा गट करा: एक मागणारी, एक एचआर, एक लिहून घेणारा. चाळीस मिनिटं द्या. एचआर झालेला हमखास आधी विचारतो, "तुला नक्की काय झालंय?" तिथेच थांबवा. विचारायचं ते, "कामात कुठे अडतंय?" मग दोन-तीन पर्याय तिच्याचकडून काढायचे, एक निवडून दोन आठवडे वापरून बघायचा आणि अर्ध्या पानावर लिहायचं: काय दिलं, कधीपासून, पैसे कुणाच्या खात्यातून, पुन्हा कधी बघायचं. आजाराचं नाव त्या कागदावर नको. मॅनेजरला स्टूल कळलं की पुरे.

दुसरी खोड ४० टक्के दिव्यांगत्वाची. "प्रमाणपत्रात ४० टक्के आहेत का?" हा प्रश्न आरक्षणापुरता ठीक आहे. वाजवी सोयीला तो लावू नये, हे विकास कुमार विरुद्ध यूपीएससी खटल्यात २०२१ मध्येच स्पष्ट झालं. तिथे हाताने लिहिणं कठीण असलेल्या परीक्षार्थीला लेखनिक नाकारला होता. तरी एचआरच्या फॉर्मवर तो रकाना पहिला असतो. "खर्च येतो" हेही कारण पुरत नाही. बोजा त्या प्रकरणात अवाजवी आहे, असं दिसायला हवं.

आणि डोळ्यांना पट्टी बांधून वर्गात चालायला लावणारा तो खेळ कृपा करून बंद करा. पहिल्या पाच मिनिटांच्या घाबरगुंडीवरून वर्षानुवर्षं न पाहता काम करणाऱ्याचं कसब कळत नाही. उरते ती दया, आणि दया दाखवणारा एचआर वाटाघाट करत नाही, परस्पर ठरवून टाकतो.

शेवटचा गृहपाठ समान संधी धोरणाचा ठेवा. ते प्रत्येक आस्थापनेला जाहीर करावं लागतं, आणि २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीला त्यात संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. मुलं कुठूनतरी आयता मसुदा उचलतात: रॅम्प, लिफ्ट, शौचालय. गुण त्यावर देऊ नका. सोय कुणाकडे मागायची, किती दिवसांत उत्तर मिळेल आणि नकार आला तर कारण लेखी मिळेल का, या तीन ओळी आहेत का ते बघा. नसतील तर मसुदा परत करा.