एक अक्षर बदललं की ब्रँड आपला? अजिबात नाही

जालना, परभणी, लातूर, कुठंबी जा, मसाल्याचं नाहीतर साबणाचं नवं युनिट टाकणाऱ्याला कोणीतरी हमखास सांगतं की मोठ्या कंपनीच्या नावातलं एक अक्षर बदल, पाकिटावर जरा फरक कर, मग कोणी काही करू शकत नाही. पोरं लोन काढून पाकिटांचे रोल छापून बसायलेत म्हणून लिहायलो.

हे साफ चूक आहे. कोर्ट दोन पाकिटं शेजारी ठेवून फरक मोजत नाही, साधं गिऱ्हाईक फसेल का ते बघतं. 1972 ची पार्ले ग्लुको बिस्किटांची केस बघा, त्यांच्या रॅपरवर बादली घेतलेली मुलगी, गायी, कोंबड्या आणि समोरच्याच्या रॅपरवर मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा, सोबत गाय-वासरू, चित्र वेगळंच की, तरी सुप्रीम कोर्टानं नक्कल धरली कारण साइज, रंग, एकूण रूप जवळपास तेच. नावाचं सोडा, 2003 ला दिल्ली हायकोर्टानं कोलगेटच्या दंतमंजनाच्या डब्यासारखी लाल-पांढरी रंगसंगती वापरायला अँकर कंपनीला अंतरिम (केसचा निकाल लागेपर्यंत) मनाई केली.

उद्यम नोंदणी, फूड लायसन्स यानं नावावर हक्क येत नाही. खोटा ट्रेडमार्क (दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव-चिन्ह) लावला तर 3 वर्षांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड, आणि तसला माल विकणारा दुकानदारबी अडकू शकतो.

रोल छापायच्या आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर फुकट सर्च करा, सारखं ऐकू येणारं नावबी तपासा. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका क्लासला (मालाच्या एका वर्गाला) 4,500 रुपये आहे.